धुऱ्यालगतचा हिरवा पट्टा

मेडशीच्या दौलतरावांना दोन गोष्टी पचत नसत. एक वांग्याची भाजी आणि दुसरा भिवाजी. वांगं टाळता येई, बायकोवर एकदा डोळे वटारले की काम झालं. भिवाजी टाळता येत नव्हता, कारण दोघांच्या वावरांच्या मधोमध एकच धुरा, मातीचा बांध. सकाळी वावरात पाय ठेवला की दौलतरावांची पहिली नजर स्वतःच्या सोयाबीनवर पडायची सोडून धुऱ्यापलीकडे जाई, आणि तिथून परत यायला तिला बराच वेळ लागे.

आता जळावं असं भिवाजीकडे होतं तरी काय? तीन एकर जमीन, तीही बरड. दोन गावरान गायी, एक शेळी, पत्र्याचं घर. दौलतरावांकडे काळ्या मातीचे अकरा एकर, उन्हाळ्यातही न आटणारी विहीर, ओसरीवर झोपाळा, आणि चारचौघांत गेले की उठून खुर्ची देणारी माणसं. पण माणसाला जळायचंच असलं तर निमित्त कुठूनही मिळतं. दौलतरावांना तर ते रोज डोळ्यासमोर उगवलेलं दिसे.

त्यातही जास्त खुपणारी गोष्ट अशी की ही तीन एकरं मुळात त्यांच्याच वडिलांची. भिवाजीचा बाप लखमा त्यांच्याकडे सालदार होता. त्या कोपऱ्यात जन्मात कधी धड पीक आलं नाही, म्हणून वडिलांनी तो तुकडा लखमाच्या गळ्यात मारला आणि घरी येऊन पोट धरधरून हसले. ते हसणं दौलतरावांनी लहानपणी ऐकलं होतं. आता ते आठवलं की त्यांना आपल्या बापाचाच राग येई.

कारण त्या बरडाचं भिवाजीनं काय करून ठेवलं होतं! पीक निघालं की सगळं शिवार काडीकचरा गोळा करतं, ढीग घालतं आणि पेटवून देतं. वावर कसं चकचकीत, झाडलेल्या अंगणासारखं दिसलं पाहिजे, ही रीतच आहे. भिवाजीनं दहा वर्षांपूर्वी ती सोडली. मळणीचं कुटार तो परत वावरात पसरू लागला. तुराट्यांचे तुकडे करून तिथंच टाकू लागला. बोरूचं, म्हणजे तागाचं, हिरवं पीक फुलायच्या आत मातीत आडवं करू लागला. आणि नांगर? तो त्यानं गोठ्याच्या मागं उभा केला, त्यावर आता कारल्याचा वेल चढलेला. "भिवाच्या आंगातला आळस गेला नाही, त्याले वावर झाडून घ्याचाही कंटाळा," असं दौलतराव पानठेल्यावर सांगत आणि लोक हसत. चार-पाच वर्षं हसले. मग हळूहळू हसणं थांबलं आणि किन्हीराजा गावाची माणसं जीप करून भिवाजीचं वावर पाहायला येऊ लागली.

एवढ्यावरही दौलतरावांनी दात-ओठ खाऊन निभावलं असतं. पण घात केला तो त्यांच्या पोटच्या पोरानं.

विकास, त्यांचा एकुलता एक मुलगा, शेतकीची पदवी घेऊन एका संस्थेत लागला होता. संस्थेचं काम मातीतला कर्ब वाढवायचं. जेवायला बसला की तो समजावून सांगे, "बाबा, पीक हवेतला कर्ब ओढून घेते. मुळातून, काडीकचऱ्यातून थो मातीत उतरते. आपन जाळलं, नांगरलं की पुन्हा हवेत जाते अन् हवा तापते. मातीत राह्यला तर माती काळी होते, पानी धरून ठेवते. भिवाजीकाकाच्या वावरात पाहा ना."

भिवाजीकाका! दौलतराव त्याला 'भिवा' म्हणत, त्यांचे वडील लखमाला 'लख्या' म्हणत, आणि यांचा पोरगा काका म्हणतो. एका जेवणात विकासनं किती वेळा भिवाजीचं नाव घेतलं हे दौलतराव भाकरीच्या घासाबरोबर मोजत. एकदा नऊ भरले. दहाव्याला त्यांनी ताट सरकवलं. मनकर्णाबाई, त्यांची बायको, शांतपणे म्हणाली, "अवो, वांगं नाही केलं आज. मंग काहून उठले?"

मातीचं दौलतरावांना काही नव्हतं हो. त्यांच्या काळजाला लागलेली गोष्ट वेगळीच होती. एकदा ते धुऱ्यावर उभे असताना विकास पलीकडे भिवाजीसमोर उकिडवा बसला होता. भिवाजीनं मूठभर माती उकरून त्याच्या हातावर ठेवली, त्यात दोन गांडुळं वळवळत होती. पोरानं ती माती नाकाशी नेली आणि मान वर करून भिवाजीकडे असं पाहिलं, की बस. तसं पोरानं आपल्याकडे कधी पाहिलं होतं, हे दौलतराव आठवत राहिले. विकास लहान असताना विहिरीतून त्याची पडलेली बादली काढून दिली होती, तेव्हा बहुतेक. त्यानंतर नाही. बापाच्या वावरात तर तो कधी खालीही बसला नव्हता.

त्या उन्हाळ्यात नांगरटीला आलेल्या ट्रॅक्टरवाल्या उदयसिंगाला दौलतराव म्हणाले, "जरा तिकून घे."

आपल्याकडे 'जरा तिकून घे'चा अर्थ लहान लेकरालाही कळतो. धुऱ्याची कड नांगरानं थोडी खरवडायची. याला धुरा कोरणं म्हणतात. कोणी पाहिलं तर ट्रॅक्टर सरकला म्हणायचं, नाही पाहिलं तर दोन फूट आपले. उदयसिंगानं मुकाट्यानं घेतलं. धुरा बोटभर उरला. चालायला तरी वाट हवी, म्हणून भिवाजीनं आपल्या बाजूची दोन फूट जागा पडीक सोडली, तिथं गवत वाढलं, आणि नवा धुरा तयार झाला. ब्र काढला नाही त्यानं. पुढच्या वर्षी पुन्हा दोन फूट. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. अकरा एकरांच्या धन्याला सहा फुटांनी काय फरक पडणार होता? काहीच नाही. पण दरवर्षी त्या दिवशी दौलतरावांना दोन भाकरी जास्त जात.

यंदाच्या मे महिन्यात विकासनं घरचं वावरही संस्थेच्या यादीत घातलं. मातीचे नमुने कुठून घ्यायचे हे ठरवायचा अधिकार त्याला नव्हता, त्या पाच जागा त्याचा मोबाइल दाखवी. तिथं जाऊन लांब गिरमिटासारखं हत्यार जमिनीत फिरवायचं आणि आतली माती पिशवीत भरायची. चार जागा वावराच्या पोटात आल्या. पाचवी आली धुऱ्याला लागून.

जुलैत तपासणीचा कागद आला. विकास संध्याकाळी घरी आला तो चपला काढायच्या आत बोलू लागला.

"बाबा! चार ठिकानी कर्ब पॉइंट छत्तीस टक्क्याच्या आसपास हाय. म्हंजे कमीच. पन पाचव्या ठिकानी पॉइंट चौऱ्यांशी!"

"मंग?" दौलतराव झोपाळ्यावर सावरून बसले.

"मंग काय? दुपटीच्या वर! आजूबाजूच्या गावांत नांगरलेल्या वावरात कोठीच नाही एवढा. तुमी तठी काय केलं व्हतं, बाबा?"

आणि पोरगा वही उघडून खाली फरशीवर बसला. झोपाळ्याजवळ, बापाच्या पायाशी. पेन हातात. मान वर करून त्यानं बापाकडे पाहिलं, आणि ते तेच पाहणं होतं. तीन वर्षं ज्याच्यासाठी दौलतरावांचा जीव जळत होता ते आयतं समोर येऊन बसलं होतं. खरं सांगायला तोंड उघडलं असतं तर ते तिथंच संपलं असतं.

"शेनखत," दौलतराव म्हणाले. "थ्या पट्ट्यात म्या शेनखत टाकलं व्हतं. भरपूर."

विकासनं ते लिहून घेतलं. आतून मनकर्णाबाईनं एकदा बाहेर डोकावून पाहिलं आणि पुन्हा आत गेली. घरात शेणखत कधी आणि किती आलं हे तिच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं.

पुढचे पंधरा दिवस दौलतराव जमिनीपासून चार बोटं वर चालत होते. पानठेल्यावर त्यांनी 'कर्ब' हा शब्द इतक्यांदा वापरला की पानवाल्यानं कंटाळून रेडिओ लावला. संस्थेनं कळवलं, ऑगस्टच्या शेवटच्या गुरुवारी तिथल्या राखी मॅडम येणार, पट्टा पाहणार, आणि पसंत पडला तर रस्त्याच्या कडेला 'नमुना शेत' अशी पाटी लागणार. पाटीवर शेतकऱ्याचं नाव. दौलतराव रोज भिवाजीच्या वावराकडे पाहून मनात म्हणत, लेका, तुझ्या वावराला पाटी नाही.

आणि पावसानं डोळे वटारले.

नागपंचमीनंतर थेंब नाही. आठ दिवस झाले, पंधरा झाले, बावीस झाले. विहीर होती, पण वरचं वावर चढावर आणि नेमकी मोटार जळालेली. ऐन शेंगा भरायच्या वेळी दौलतरावांच्या सोयाबीननं माना टाकल्या. पानं करपून पिवळी पडली, जमिनीला बोट जाईल अशा भेगा गेल्या. भिवाजीचं सोयाबीन मात्र दुपारी जरा मलूल व्हायचं आणि सकाळी पुन्हा ताठ उभं राहायचं. त्याच्या मातीत खाली ओल होती.

पण हे गावाला नवीन नव्हतं. नवीन होतं ते दुसरंच. दौलतरावांच्या पिवळ्या पडलेल्या वावरात, धुऱ्याला लागून, या टोकापासून त्या टोकापर्यंत एक हिरवा पट्टा उभा होता. सहा फूट रुंद. दोरी लावून आखावा तसा सरळ. आणि तो सुरू कुठून होत होता? नाल्याकाठच्या बेशरमाच्या झुडपात हद्दीचा जुना दगड होता, बरोबर तिथून.

वावर रस्त्याला लागून. मालेगावची एस.टी. थांब्यावर थांबली की खिडकीतली माणसं त्या पट्ट्याकडे पाहत, मग एकमेकांकडे पाहत. कोणाला काही सांगावं लागत नव्हतं. शेतकऱ्यांच्या गावात हिरव्या-पिवळ्याची एवढी सरळ रेघ शेणखतानं पडत नाही, हे सगळ्यांना कळतं. पानठेल्यावर दौलतराव आले की बोलणं थांबू लागलं. विकासनं काही विचारलं नाही. पण आठ दिवस झाले, जेवताना त्यानं भिवाजीचं नाव एकदाही घेतलं नव्हतं. कुणाचंच घेतलं नव्हतं. दौलतरावांना ते नऊ वेळा घेतलेलं नाव बरं वाटू लागलं.

बुधवारी भर दुपारी, शिवारात सगळे सावलीला जेवायला बसले असतील असा हिशेब करून दौलतराव वावरात गेले आणि त्या हिरव्या पट्ट्यात वाकले. आपल्या वावरातली जगलेली तेवढीच झाडं ते मुळासकट उपटू लागले. झाडं सहज येईनात. मुळं खोल होती. अकरा एकरांत पहिल्यांदा कुठल्या झाडानं त्यांच्या हाताला ओढ दिली होती.

"उपटू नोका, दौलतभाऊ. शेंगा भरून राह्यल्या."

धुऱ्यावर भिवाजी उभा होता. दौलतराव तीन झाडं हातात घेऊन ताठ झाले. "तन काढून राह्यलो," ते म्हणाले.

भिवाजीनं त्यांच्या हातातल्या सोयाबीनकडे पाहिलं. "सहा फूट हाय," तो म्हणाला. "दर साली मोजलं म्या, हद्दीच्या गोट्यापासून. आन कागदात पॉइंट चौऱ्यांशी आला म्हने. धुऱ्याच्या इकडं माह्याकडं एक पॉइंट दहा हाय. मधला फरक तुमच्या नांगरानं तीन सालात उडवून देल्ला."

चोरी पकडली गेल्यापेक्षा हा आकडाच दौलतरावांना जास्त झोंबला. "मालूम व्हतं त बोलला काहून नाही?"

"कोनाले बोलू? चार लोकं बसले की तुमाले खुर्ची देते, मले उभं ठेवते. सोंगनी झाली की मोजनीचा अर्ज देनार हाव म्या. हे सांगूनच ठेवतो."

"आन उद्या? मॅडमपुढं?"

भिवाजी म्हणाला, "उद्या म्या काही बोलनार नाही. विकास राहीन तठी." मग म्हणाला, "तुमच्या आंगनात तुमच्या बापानं माह्या बापाले उभं केलं व्हतं एक खेप. बैल सुटून पऱ्हाटीत गेला म्हनून. डोक्याचा पटका काढून खाली ठेवाले लावला. म्या आठ वर्साचा व्हतो, त्याचं बोट धरून. तुमी ओट्यावर बसून बोरं खाऊन राह्यले व्हते. पोरापुढं बापाची इज्जत उतरवू नये, दौलतभाऊ. बाप इसरते. पोरगं नाही इसरत."

एवढं बोलून तो गायींकडे निघून गेला. दौलतरावांना ती बोरं आठवली, चांगली गोड होती. लखमाचा चेहरा काही केल्या आठवेना. आणि त्यांच्या मनात उपकाराच्या जाणिवेऐवजी काय आलं असेल? आलं ते हे, की आता हा माणूस आपल्याला मोठेपणही दाखवणार.

गुरुवारी राखी मॅडम आल्या. मागं तीस-चाळीस माणसं. पाहुणा शेतकरी म्हणून भिवाजीलाही विकासनं बोलावलं होतं, तो बाभळीखाली टोपी हातात घेऊन उभा. मॅडम पट्ट्यापाशी थांबल्या. त्यांनी इकडची माती हातात घेतली, तिकडची घेतली, आणि साधंच विचारलं, "पट्टा इतका सरळ कसा हो, दौलतराव?"

दौलतरावांनी खाली वाकून एक करपलेलं पान तोडलं. माणसं वाट पाहत होती. कोणाच्या तरी ओठावर हसू फुटायच्या बेतात होतं. विकास हातातल्या वहीकडे पाहत होता, ज्या पानावर 'शेणखत, भरपूर' असं लिहिलं होतं, आणि त्याचे कान लाल झाले होते.

"मॅडम," मागून भिवाजी म्हणाला, "शेनखत टाकलं व्हतं दौलतभाऊनं. धुऱ्याधुऱ्यानं. माह्याच उकिरड्यावरून चार गाड्या नेल्या, म्या पाह्यल्या ना."

गर्दीतलं हसू गिळलं गेलं. ज्याची माती गेली तोच सांगतोय म्हटल्यावर बोलणार कोण? विकासनं श्वास सोडला. त्याला सगळं कळलं होतं हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं, आणि भिवाजीनं आत्ता काय केलं हेही कळलं होतं. त्यानं मान वर करून भिवाजीकडे पाहिलं.

तेच पाहणं. तेच!

दौलतरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वावर याचं चांगलं, गांडुळं याची, पोरगा याचा, आणि आता आपली लाज राखायची तर तीही यानं. एवढंच काय, खोट्यातलं शेणखतसुद्धा याच्याच उकिरड्यावरचं! स्वतःचं म्हणून एक धड खोटंही उरलं नव्हतं.

"खोटं बोलून राह्यला थो!" दौलतराव ओरडले. बाभळीवरची दोन पाखरं उडाली. "एक गाडी नाही नेली म्या! एक पाटी नाही! धुरा कोरला म्या. तीन साल. इचारा उदयसिंगाले. हे सहा फूट त्याचे हाये, माती त्याची हाय, कर्ब त्याचा हाय. माह्या वावरात काही नाही!"

मॅडम गोंधळून विकासकडे पाहू लागल्या. विकासनं मोबाइल काढला, त्यावर बोट फिरवलं आणि हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, पाचवा पॉइंट खोडून टाका. आमच्या वावरात चारच हायेत." मग तो मोटरसायकलच्या डिकीतून मोजायची टेप घेऊन आला आणि बेशरमाची झुडपं बाजूला करून हद्दीच्या दगडाशी गेला.

"काका, तुमी पलीकडं धुऱ्यावर चाला. बाबा, इकडचं टोक तुमी धरा."

टेपचं टोक दगडाला लावून धरायचं तर खाली बसावं लागतं. दौलतराव गावादेखत उकिडवे बसले. शेजारी विकासही बसला, बापाच्या वावरात, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. त्यानं भेगेतून एक ढेकूळ उचललं, चुरगाळलं, त्याचं पीठ झालं.

"छत्तीस हाय, बाबा. ह्या साली कुटार जाळू नोका."

"नाही जाळत," दौलतराव म्हणाले. "कसं पसरवाचं थे दाखव मले. त्याले नको इचारू. तू दाखव."

पोरानं त्यांच्याकडे पाहिलं. अगदी तसं नव्हतं, भिवाजीच्या वाट्याला येई तसं. पण त्याच्या बरंच जवळचं होतं, आणि यावेळी ते खोट्यावर आलेलं नव्हतं. दौलतरावांचे डोळे भरून आले. टेपचं टोक न सोडता त्यांनी चटकन मान वळवली. हे भिवाजीनं पाहिलं ना, एवढंच त्यांना पाहायचं होतं.

भिवाजी टेपचं दुसरं टोक धरून पाठमोरा झाला होता. आपल्या परत आलेल्या सहा फुटांत खाली वाकून काल उपटलेल्या झाडांची मुळं तो निरखून पाहत होता. त्यानं काही पाहिलं नव्हतं. आणि याचाही दौलतरावांना फार फार राग आला.